वरचा सा

करिष्मानं व्हायोलिन खाटेवर ठेवलं, त्याच्या शेजारी गज ठेवला, आणि सोळा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आईच्या डोळ्याला डोळा भिडवून ती म्हणाली, "सा उतरला नाई, आई. तुले बरोबर ऐकू येऊन नाई राह्यलं."

साधनाचा हात कधी उठला ते तिचं तिलाही कळलं नाही... चापट बसली, आणि ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसलेल्या मनकर्णाबाईंचा, साधनाच्या आईचा, हात सुपातच थांबला. करिष्मा रडली नाही. तिनं व्हायोलिन पेटीत घातलं, पेटीचे खटके लावले आणि आजीच्या बाजूनं उंबरठा ओलांडून ती निघून गेली.

साधना जागच्या जागी उभी राहिली. सहा वेळा तिनं मुलीकडून तीच ओळ वाजवून घेतली होती, आणि सहाही वेळा तारसप्तकातला तो सा तिच्या कानाला किंचित खाली, मळकट असा लागला होता. तो तसा लागला होता यात तिला तिळमात्र शंका नव्हती. पण तिचं अंतःकरण थरथरत होतं ते वेगळ्याच कारणानं. हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, तिनं सात वर्षांपूर्वी एकदा ऐकलं होतं. ते बोलणारा तिचा पाठचा भाऊ होता, आणि त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी एक शब्द बोललेला नव्हता.

भावाचं नाव प्रफुल. दोघंही देवराव मेश्रामांची मुलं. देवराव क्लॅरिनेट वाजवत. चामोर्शीपासून मूलपर्यंतच्या गावागावांत त्यांचा भीमगीतांचा ऑर्केस्ट्रा जात असे, आणि एप्रिल महिन्यात तर त्यांना घर दिसत नसे. दहा वर्षांची असल्यापासून साधना त्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन घेऊन उभी राहिली, माणसापेक्षा उंच रचलेले भोंगे अगदी तिच्या डाव्या हाताला, तिनंच सूर शिकवलेला प्रफुल हार्मोनियमवर. बाप गेल्यावर ऑर्केस्ट्रा मोडला, पण बहीणभावांच्या जिवातलं संगीत काही मोडलं नाही. अकरा वर्षांपूर्वी दोघांनी विहाराच्या सभागृहात चार जुनी व्हायोलिनं, दोन हार्मोनियम आणि गावातली नऊ पोरं घेऊन एक वाद्यवृंद सुरू केला. आता तिथं चोवीस मुलंमुली होती. धानाच्या बांधीतून थेट येणारी, पायाचा चिखल विहिरीवर धुऊन गज हातात धरणारी ती पोरं एकत्र वाजवायला लागली की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून पाय टेकून थांबायचा. गाव त्याला ‘साधनाताईंचा वाद्यवृंद’ म्हणत असे. प्रफुलचं नाव त्यातून केव्हाच गळून गेलं होतं.

आणि ते गळून का गेलं, हे साधनाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं!

सात वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी, तालमीत सूर चुकला म्हणून साधना एका मुलीला पुन्हापुन्हा थांबवत असताना, मुलांच्या देखत, प्रफुलनं तिचा हात हळूच खाली घेतला होता आणि म्हणाला होता की ताई, पोरगी बरोबर वाजवून राह्यली, तुले वरचा सूर ऐकू येत नाई, एकदा कान दाखव. तो हळू बोलला होता. पण साधनाला वाटलं, साऱ्या जगापुढं त्यानं तिचं वस्त्र ओढलं! ज्या कानांच्या जोरावर ती उभी होती, तेच तो नाकारत होता... तिनं त्याला तिथल्या तिथं निघून जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भैयाजी वासेकर नावाचे एक पालक विचारायला आले, भाऊ काऊन गेला म्हणून. तेव्हा साधनाच्या तोंडून निघून गेलं, "पिऊन आला होता तो. पोरायपुढं."

प्रफुलनं जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. पण लहान गावात असं वाक्य परत घेता येत नाही. त्या उन्हाळ्यात एका शाळेत संगीतशिक्षक म्हणून त्याचं नक्की झालं होतं. ते नक्की झालेलं मोडलं. का मोडलं ते साधनाला कळलं होतं. दोन रात्री तिला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःला समजावलं की आधी अन्याय त्यानं केला, जखम आपल्याला झाली... आणि मग वर्षं जात राहिली. बाजाराच्या गल्लीत प्रफुलनं वाद्यं दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं. साधनानं त्या गल्लीनं जाणं सोडलं.

चापटीनंतर दहा दिवस उरले होते. चंद्रपूरला दोन जिल्ह्यांतल्या युवा वाद्यवृंदांची स्पर्धा होती. त्यातून निवडक मुलांना नागपूरला वर्षभराचं प्रशिक्षण मिळणार होतं. आणि गडचिरोलीत युवा वाद्यवृंदाचं नवं केंद्र निघत होतं, त्याचा मुख्य प्रशिक्षक पहिल्या तीन संघांच्या मार्गदर्शकांतूनच नेमला जाणार होता. साधनानं त्या जागेची स्वप्नं पाहिली होती. नवरा प्रवीण आलापल्लीच्या लाकूड डेपोत नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. तोही हसून म्हणायचा की आता तू गडचिरोलीची मोठी मॅडम होशीन.

गुरुवारच्या तालमीला तिनं करिष्माला पहिल्या खुर्चीवरून उठवलं आणि तिचा एकल भाग दुसऱ्या मुलीला दिला. करिष्मा मागच्या रांगेत जाऊन बसली. तालीम पुन्हा सुरू झाली. पण साधनाला जाणवलं, चोवीस मुलांच्या नजरा तिच्याकडे नाहीत. त्या एकमेकांकडे आहेत, जणू तिच्यापासून काहीतरी झाकून धरलं आहे.

रविवारी तालीम पाचची. करिष्मा दोनलाच व्हायोलिन घेऊन निघाली. साधनानं थोडं अंतर ठेवून तिचा पाठलाग केला, आणि आपली मुलगी बाजाराच्या गल्लीत वळताना पाहून सात वर्षांनी तीही त्या गल्लीत शिरली.

कासाराच्या दुकानाच्या आडून तिनं पाहिलं. प्रफुलच्या दुकानात मुलं दाटीनं बसली होती आणि जमिनीवर व्हायोलिनच्या पेट्या ओळीनं मांडल्या होत्या. त्या तिच्याच वाद्यवृंदाच्या होत्या. प्रत्येक पेटीवर तिनं स्वतःच्या हातानं मुलांची नावं लिहिली होती. प्रफुलचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. एकेक व्हायोलिन उचलून तो कानाशी धरत होता, तार छेडत होता, खुंटी पिळत होता, पुन्हा छेडत होता. बाजाराच्या गलक्यात साधनाला काहीच ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. मग तो उठला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. डावा तळहात उघडा, उजव्या हाताची दोन बोटं जुळवलेली... साधनानं डोळे ताणून पाहिलं. ती तिची स्वतःची लकब होती. ताईनं असा हात केला तर काय समजायचं, हे तो पोरांना शिकवत होता. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेशही नव्हता.

ती घरी आली आणि आईसमोर उभी राहिली.

मनकर्णाबाईंनी काही लपवलं नाही. कदाचित त्याही थकल्या होत्या. सात वर्षं, प्रत्येक तालमीच्या आधी, पोरं प्रफुलमामाकडं वाद्यं लावून घेत होती. कोणाचा सूर कुठं चुकतो ते तोच सुधारून देत होता. त्यानंच सगळ्यांना बजावलं होतं की ताईला कळता कामा नये.

"मी त्याले म्हटलं, बापू, जिनं तुले गावात बदनाम केलं तिच्यासाठी काऊन करतं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "तर म्हणे, माय, वाद्यवृंद तिचा जीव हाय. तो गेला तर ती जगणार नाई."

साधनाच्या मनात त्या क्षणी कृतज्ञता उमलली असती तर किती बरं झालं असतं! पण मानी माणसाचं मन असं सहज वाकत नाही. तिच्या आत उसळला तो संताप... म्हणजे सात वर्षं आपण हात हलवत होतो आणि वाजवून घेत होता दुसराच! सात वर्षं साऱ्या पोरांनी, स्वतःच्या आईनं, पोटच्या लेकीनं आपली कीव केली! त्या संध्याकाळच्या तालमीला ती गेली, ओळीमागून ओळ वाजवून घेतली आणि घरी परतली.

मंगळवारी ती एकटीच एसटीनं गडचिरोलीला गेली. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र लावलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. साधना बोट वर करायची वाट पाहत बसली. बराच वेळ गेला. तिला वाटलं, यंत्र अजून सुरूच झालं नसेल. काचेपलीकडं पाहिलं तर डॉक्टरीणबाई केव्हापासून बटणं दाबत होत्या.

डावा कान वरच्या आवाजांपुरता जवळजवळ गेलेला होता, उजवा अर्धा. त्यांनी समजावून सांगितलं की लहानपणी भोंग्याजवळ घालवलेल्या वर्षांनी हे झालं असावं, आणि अशा कानाला उंच सूर नुसते कमी ऐकू येत नाहीत, ते जागेवरून सरकल्यासारखेही लागतात. यंत्रानं बोलणं स्पष्ट होईल. सुरांचं मात्र सांगता येणार नाही.

परतीच्या एसटीत तिनं तो कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला, आणि ठरवलं की शनिवारपर्यंत हे कोणालाही सांगायचं नाही. एवढी एक स्पर्धा. प्रफुलनं लावलेली वाद्यं घेऊन पोरं वाजवतील, आपण पुढं उभं राहू, केंद्राची जागा मिळेल... मग पुढचं पुढं. स्वतःच्या या विचाराची तिला शिसारी आली. तरी तिनं तो सोडला नाही.

शनिवारी मुलांची गाडी मूलच्या रस्त्यानं चंद्रपूरला पोहोचली. वातानुकूलित सभागृह थंडगार होतं. मुलांच्या अंगावर शहारे आले. पडद्यामागच्या खोलीत पेट्या उघडल्या गेल्या आणि पहिल्याच मुलीनं गज टेकवताच साऱ्यांचे चेहरे उतरले. त्या कोरड्या थंडीत लाकडी खुंट्या सरकल्या होत्या. आठही व्हायोलिनांच्या तारा सैल पडल्या होत्या. संयोजकांपैकी एक बाई दारातून सांगून गेल्या की तुमची पाळी वीस मिनिटांत.

स्वतः वाद्य लावायची सवय कोणालाच नव्हती; मुलं साधनाकडे पाहू लागली. सोबत आलेले पालक भिंतीला टेकून उभे होते. त्यांत भैयाजीही होते, त्यांची नात माधवी वाद्यवृंदात सगळ्यात लहान, दहा वर्षांची. साधनानं माधवीचंच व्हायोलिन उचललं. खालच्या दोन तारा तिनं लावल्या. तिसरी कशीबशी लावली. चौथी तार छेडली... आणि तिच्या कानात काहीतरी बारीक, दूरचं, पाण्याखालून आल्यासारखं वाजलं. तिनं खुंटी पिळली. पुन्हा छेडलं. मग तिनं व्हायोलिन माधवीच्या हातात दिलं आणि विचारलं, झालं का बरोबर?

माधवीनं गज ओढला. खोलीतल्या दोन-तीन मुलांनी माना खाली घातल्या. माधवीचे डोळे काठोकाठ भरले, आणि ती इवलीशी पोर म्हणाली, "हो मॅडम."

त्या एका खोट्या ‘हो’नं साधनाचं काळीज विदीर्ण झालं. आपण स्वतः किती खोटं बोललो याचं ओझं तिनं सात वर्षं कसंबसं पेललं होतं; पण आपल्यापायी एक दहा वर्षांची मुलगी सुराशी खोटं बोलायला शिकली, हे पेलण्याची ताकद तिच्यात नव्हती.

"नाई झालं, बेटा," ती म्हणाली. "मले ऐकू येत नाई. कोणी माझ्यासाठी खोटं बोलू नका." मग ती मागच्या रांगेकडे वळली. "करिष्मा, तुझा मामा आला हाय काय?"

करिष्मा काही क्षण आईकडे पाहतच राहिली. मग म्हणाली की प्रत्येक कार्यक्रमाला येतो, शेवटच्या रांगेमागं उभा राहतो. एवढं बोलून ती धावली.

प्रफुल दारात येऊन थांबला. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. सात वर्षांनी बहीणभाऊ समोरासमोर आले, आणि मध्ये होती आठ सैल पडलेली व्हायोलिनं आणि जेमतेम पंधरा मिनिटं. साधनाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, धाय मोकलून रडावंसं वाटलं; पण त्याआधी एक काम होतं, आणि ते एकांतात करण्यासारखं नव्हतं.

"भैयाजी," ती मोठ्यानं म्हणाली, "सात वर्षांआधी मी तुमाले सांगतलं होतं का प्रफुल पिऊन आला होता. ते खोटं होतं. त्यानं कधी थेंब घेतला नाई. त्यानं मले फक्त कान दाखवाले सांगतलं होतं. त्याचा मले राग आला, म्हणून मी त्याची इज्जत घेतली. शाळेतली त्याची नोकरी माझ्यानं गेली. हे तुमी गावात सगळ्यायले सांगा. मीबी सांगीन."

भैयाजींनी मान खाली घातली. ती बातमी गावभर नेणाऱ्यांत तेच पहिले होते. प्रफुलचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं बाह्या वर केल्या, जमिनीवर मांडी घातली आणि माधवीचं व्हायोलिन कानाशी धरलं.

साधना तिथं थांबली नाही. ती बाहेर संयोजकांच्या टेबलाशी गेली, आपल्या संघाचा अर्ज मागून घेतला, मार्गदर्शक या शब्दापुढचं स्वतःचं नाव तिनं खोडलं आणि त्यावर लिहिलं, प्रफुल देवराव मेश्राम. टेबलावरच्या बाईंनी तिला दोनदा बजावलं की नेमणुकीसाठी हेच नाव धरलं जाईल, नंतर बदलता येणार नाही. साधना म्हणाली की तेच पाहिजे, आणि खाली सही केली. अर्ज टेबलावर सरकवून ती वळली.

परत आली तेव्हा सातवं व्हायोलिन लावून झालं होतं. तिनं करिष्माला हाताला धरून पहिल्या खुर्चीच्या मुलीशेजारी आणलं. ती मुलगी आपणहूनच उठली. म्हणाली, मॅडम, हा भाग करिष्माताईचाच हाय. करिष्माच्या गालावरून साधनानं हात फिरवला. करिष्मानंच तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला, क्षणभर.

मग प्रफुल मुलांना घेऊन रंगमंचावर गेला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा साधना आपल्या वाद्यवृंदासमोर श्रोत्यांत जाऊन बसली. तबला तिला ऐकू येत होता, हार्मोनियमचे खालचे सूर येत होते, बासऱ्या अधूनमधून. करिष्मा उभी राहिली. एकल भाग सुरू झाला, सूर चढत गेले, आणि एका पायरीवर येऊन साधनासाठी ते विरत विरत नाहीसे झाले. गज चालत होता, लेकीची बोटं पट्टीवर थरथरत होती, आणि आईच्या कानांत त्या जागी काहीच नव्हतं... तिनं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी म्हाताऱ्यानं डोळे मिटले होते आणि त्याच्या बंद पापणीतून पाणी वाहत होतं. त्याच्याकडे पाहून साधनाला कळलं की वरचा सा बरोबर लागला आहे.

संघ तिसरा आला. नागपूरच्या प्रशिक्षणासाठी निवडलेल्या मुलांत करिष्माचं नाव होतं. सभागृहाच्या आवारात मुलं उड्या मारत असताना मनकर्णाबाईंनी बांधून दिलेल्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन साधना प्रफुलकडे गेली. तो पायरीवर एकटा बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि आता मात्र तिचा बांध फुटला. ती रडत राहिली. तो तिला रडू देत राहिला. शेवटी ती म्हणाली की मी माफी मागायच्याही लायकीची नाही.

"तुले एक सांगू, ताई?" प्रफुल म्हणाला. "मीबी काई देव नाई. पोरायची वाद्यं लावून देत होतो ते तुझ्यासाठी, हे खरं. पण मनात असंबी होतं का एक दिवस ताईले कळीन, तिले लाज वाटीन, अन् मी जिंकीन. सात वर्षं त्या दिवसाची वाट पाह्यली मी. अन् आज तू बोलली तर जिंकल्यासारखं काईच वाटलं नाई. नुसती तुझी कीव आली... मंग माझीबी आली."

साधनानं डबा उघडून त्याच्यापुढं धरला. त्यानं अर्धी भाकर मोडून तिला दिली, अर्धी स्वतः घेतली.

जुलैत गडचिरोलीचं केंद्र सुरू झालं. तिन्ही मार्गदर्शकांच्या मुलाखतींतून निवड होऊन मुख्य प्रशिक्षक म्हणून प्रफुल रुजू झाला. आठवड्यातून तीन दिवस साधनाही त्याच्याबरोबर जाऊ लागली, कानामागं यंत्र लावून. सूर तो पाही. गज कसा धरायचा, मनगट कुठं सैल सोडायचं, खांदा कुठं अवघडतो, हे ती शिकवी. नव्या मुलांची बोटं ती आपल्या हातात घेई आणि एका नजरेत चूक ओळखी. या कामाला कानांची गरज नव्हती. तरी सुरुवातीच्या दिवसांत वर्गात पाऊल टाकताना तिला चोरट्यासारखं वाटे. जिथं आपण मुख्य व्हायचं तिथं आपण मदतनीस, हा सल अजून पुरता गेला नव्हता.

एक दिवस एटापल्लीकडून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. दारातच तिनं प्रफुलला काहीतरी विचारलं. साधना खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका मुलाचं मनगट सरळ करत होती. तिला दोघांचे ओठ हललेले दिसले, प्रफुलचा हात आपल्या दिशेनं झालेला दिसला, आणि मग त्या बाईनं पायातल्या चपला काढल्या, मुलीला पुढं घेतलं आणि सरळ साधनापाशी येऊन हात जोडले. साधना गोंधळली. शनिवारची नागपूरहून आलेली करिष्मा जवळच उभी होती. तिला तिनं विचारलं की मामा काय म्हणाला.

करिष्मा आईच्या जवळ आली आणि एकेक शब्द सावकाश, स्पष्ट उच्चारत म्हणाली, "त्या बाईनं इचारलं, इथल्या मोठ्या गुरुजीले भेटाचं हाय. तर मामा म्हणे, त्या तिकडं उभ्या हायेत. मीबी त्यायच्याच हाताखाली शिकलो."